परीची दुसरी पट्टी

“ते नाटक वर काढू नका, बाई,” सिदरामआप्पा म्हणाले आणि त्यांनी गिरणीचा पट्टा चढवला.

त्यानंतर बोलायची सोयच उरली नाही. चालू गिरणीसमोर उभं राहून ज्यांनी कधी कुणाचं मन वळवायला पाहिलं असेल, त्यांनाच माझी अवस्था कळेल. मी तोंड हलवत होते, आप्पा मान हलवत होते, आणि आमच्यामध्ये जोंधळ्याचं पीठ उडत होतं. माझ्यामागं बायकांची रांग लागली. एकीनं मला कोपरानं ढोसलं.

“डबा न आणताच हुब्या ऱ्हायलाय व्हय?”

“मला दळण नाही हो. आप्पांशी बोलायचंय.”

“मग लाइट गेल्यावर या. त्ये तवाच बोलत्यात.”

मी कुठं जाणार? मिरजेहून एसटीनं कुरुंदवाडला आले होते आणि काम झाल्याशिवाय परत जायचं नाही, असं मनाशी ठरवलं होतं. माझ्या हट्टीपणाबद्दल घरी बरंच बोललं जातं, त्यात तथ्य आहे. मी तिथंच पोत्यावर बसून राहिले. दुपारी लाइट गेली, पट्टा थांबला, रांग पांगली आणि आप्पांना पळायला जागा राहिली नाही.

गिरणीच्या मागंच त्यांचं घर होतं. सून कलावतीनं मला पाण्याचा तांब्या दिला, माझ्या साडीचा पांढरा झालेला काठ पाहून हसली आणि सासऱ्यांना म्हणाली, “मामा, बसा की जरा. सकाळधरनं थांबल्यात बाई.”

आप्पा बसले. सत्तरी ओलांडलेला, काटक माणूस. भुवयांवर पीठ बसलेलं. सुनेशी ते कुरुंदवाडचं बोलत आणि माझ्याशी नाटक कंपनीत शिकवलेलं, प्रत्येक शब्द सुटा आणि स्वच्छ.

“त्या नाटकाबद्दल तुम्हाला काय ठाऊक आहे?” त्यांनी विचारलं.

मला ठाऊक होतं ते मी सांगितलं. नाटकाचं नाव ‘संगीत पंखहरण’. एक परी तळ्यावर अंघोळीला उतरते, राजाचा माळी तिचे पंख चोरून लपवतो. ती पृथ्वीवर अडकते, त्याच्याशी संसार मांडते आणि तिसऱ्या अंकात तिला ते पंख सापडतात. कृष्णातीर संगीत मंडळीनं ते मिरजेच्या मुक्कामात बसवायला घेतलं होतं. देव नाहीत, राजेरजवाडे नावापुरते, नुसती परीची गोष्ट आणि तीही गाऊन सांगायची, म्हणून लोकांत मोठं कुतूहल होतं. पडदे रंगले, जाहिराती लागल्या, पण प्रयोग काही झाला नाही. पुढं मंडळीही मोडली.

मी तेव्हा मिरजेत मुलींच्या शाळेत गाणं शिकवत होते आणि नाटकांना पेटीची साथ करत होते. आमच्या गावातल्या नाट्यवेड्यांनी ते नाटक छापून काढायचं ठरवलं आणि काम माझ्या गळ्यात घातलं. लेखकाच्या नातवाकडून मूळ संहिता मिळाली, पण तिचा तिसरा अंक वाळवीनं फस्त केला होता. त्या अंकातली परीची भाषणं आणि पदं आता एकाच ठिकाणी शिल्लक होती, ती आप्पांच्या नकलेत.

जुन्या मंडळ्या नटाच्या हाती सगळं नाटक कधी देत नसत. त्याची स्वतःची भाषणं, त्याची पदं आणि प्रत्येक भाषणाआधी समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोनचार शब्द, एवढंच उतरवून देत. त्याला नक्कल म्हणत. परीची नक्कल सिदराम गुरव नावाच्या कोवळ्या मुलाला मिळाली होती, कारण परी तोच होणार होता. बाईचं काम मुलानं करायचे दिवस तेव्हा सरत आले होते, पण या मंडळीत अजून तीच रीत होती.

“नक्कल आहे ना तुमच्याकडे?” मी विचारलं.

“आहे. ट्रंकेत आहे. देणार नाही.”

“का पण?”

“जे माझ्यामुळं बुडालं, ते माझ्या डोळ्यांदेखत परत वर यायला नको.”

मग त्यांनी सांगितलं. सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते, बंद पडलेल्या पट्ट्याकडं बघत होते.

“सोळावं लागलं होतं मला. जनार्दनबुवा उगारकरांनी चाली बांधल्या होत्या, त्यांनीच माझा गळा घडवला. रंगीत तालमीला मालक आणि गावातली मोठी माणसं खुर्च्या टाकून बसलेली. अंगावर शालू, पाठीला मोरपिसांचे पंख. पहिल्याच पदात आवाज फुटला. रेडकू ओरडावं तसा.” ते हसले, पण ते हसू टिकलं नाही. “बुवांनी पट्टी खाली घेतली, म्हणाले, परत म्हण. परत म्हटलं, परत फुटला. मागनं कुणीतरी हसलं. मालक उठून गेले. बुवांनी पेटी मिटली आणि माझ्याकडं बघत बसले. एक शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या, तर मी राहिलो असतो.”

“मग?”

“मग काय. सकाळी बिऱ्हाडातले लोक उठायच्या आत मी निघालो. पुढं कानावर आलं की नाटक रद्द झालं. गिरणीत लागलो, तो गिरणीतच राहिलो. इथं कुणी गा म्हणत नाही.”

लाइट आली. बाहेर डबे वाजू लागले. आप्पा उठले, दारात थांबले आणि म्हणाले, “माझ्यावाचूनही ते बुडणारच होतं, एवढं कुणी दाखवून दिलं ना बाई, तर नक्कल आजच्या आज देईन.”

परतीच्या एसटीत ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मला नक्कल हवी होती हे खरं, पण एवढ्या वर्षांपूर्वीचं ओझं वाहणारा तो माणूस पाहून माझा जीव कळवळला होता. सोळा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटणारच. त्यात अपराध कसला?

जनार्दनबुवांच्या मुलीचं, अंबूताईंचं घर मिरजेत ब्राह्मणपुरीत होतं. बाई सडेतोड. वडिलांची बाडं लाल रुमालात बांधून त्यांनी देवघरातल्या कपाटात ठेवली होती आणि आजवर कुणाला दाखवली नव्हती. मला तरी का दाखवली, तर मी पेटी वाजवते म्हणून. त्यातही आधी विचारलं, “हात धुतलेत?”

मी धुतले. त्यांनी गाठ सोडता सोडता बजावलं, “नाटक जरूर छापा. पण त्या गुरवाच्या पोराचं नाव त्यात घालू नका. ऐन वेळी पळून जाऊन त्यानं माझ्या वडिलांचं नाटक बुडवलं. दादांनी पुढं कारकुनी केली, पेटीला परत हात लावला नाही. मी लहान होते, पण मला कळत होतं.”

बाडात सगळ्या पदांचं स्वरलेखन होतं, बुवांच्या बारीक, टोकदार अक्षरात. माळ्याची पदं एकदाच लिहिलेली, राजाची एकदाच. परीची मात्र दोनदा. पहिल्या प्रतीवर पट्टी लिहिली होती काळी पाच. ही बायकांची पट्टी, किंवा मिसरूड न फुटलेल्या मुलाची. दुसऱ्या प्रतीवर लिहिलं होतं काळी एक. ही पुरती पुरुषाची. नुसती पट्टी उतरवली नव्हती, चालीही जागोजाग बदलल्या होत्या. आणि तारीख, पहिल्या प्रतीवर नोंदलेल्या रंगीत तालमीच्या तारखेनंतरच्या आठवड्यातली.

“हे काय?” मी विचारलं.

अंबूताईंनी चष्मा लावून पाहिलं. “काय असायचंय? दुसरा नट घेतला असेल. मोठा पुरुष. एक पोर पळालं म्हणून दादा हातावर हात ठेवून बसणार होते की काय?”

मला ते तंतोतंत पटलं. कुठल्याही पेटीवाल्याला पटलं असतं. मला इतका आनंद झाला की मी बसल्या जागी मांडीवर ठेका धरला. मुलगा गेला, तरी काम थांबलं नव्हतं. दुसरा नट आला, त्याच्या गळ्यासाठी पदं नव्यानं बांधली आणि तरीही नाटक झालं नाही. म्हणजे ते बुडालं ते आणखी कशानं तरी. आप्पांवरचं किटाळ गेलं, आणि तेही खुद्द बुवांच्या अक्षरात.

“हे बाड मला दोन दिवस द्याल?”

“बाड एकटं कुठं जाणार नाही,” अंबूताई म्हणाल्या. “कुठं न्यायचंय ते सांगा, मी येते.”

कुठं न्यायचंय ते सांगितल्यावर त्यांनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली. मग म्हणाल्या, “येते. बघू तरी कसा दिसतो.”

सोमवारी गिरणी बंद असे, म्हणून आम्ही सोमवारी गेलो. एसटीत माझ्या मांडीवर पेटी, त्यांच्या मांडीवर बाड. आप्पा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. पीठ नसलेला त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला आणि एकेकाळी हा मुलगा परी का झाला असता, ते मला कळलं.

“बुवांच्या अंबू ना तुम्ही?” ते हात जोडून म्हणाले. “परकर सावरत तालमीला येऊन बसायचात.”

“मला आठवत नाही,” अंबूताई म्हणाल्या आणि भिंतीला न टेकता ताठ बसल्या.

मला धीर कुठला? मी लगेच दोन्ही प्रती आप्पांसमोर मांडल्या, पट्टी दाखवली, तारीख दाखवली. “आप्पा, तुम्ही गेल्यावर परीसाठी दुसरा नट घेतला होता. हा पुरावा. तरी नाटक झालं नाही. म्हणजे ते तुमच्यामुळं बुडालं नाही.”

आप्पांनी कागद डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ त्यावरून नजर फिरवली आणि खाली ठेवला.

“म्हणजे आठवड्याच्या आत दुसरा घेतला,” ते म्हणाले.

“हो. म्हणून तर म्हणते, तुमचा दोष नव्हता.”

“ते कळलं, बाई.”

“मग?”

“मग काही नाही. परी माझी होती, एवढं एक धरून होतो मी. बुडाली ती माझ्याबरोबर बुडाली, असं वाटायचं. आता तेही गेलं.”

ते आत गेले. ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली नक्कल माझ्यासमोर ठेवली. “बोललो होतो, दाखवून द्या, देतो. न्या.” आणि ते आमच्याकडं पाठ करून उंबऱ्यावर जाऊन बसले. स्वयंपाकघराच्या दारातून कलावतीनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच तिच्या सासऱ्यांना काहीतरी खायला घालून आजारी पाडलं होतं.

ज्यासाठी मी इतके हेलपाटे घातले ते समोर पडलं होतं, आणि मला त्याला हात लावायची लाज वाटत होती.

अंबूताईंना यातलं काही दिसलंच नसावं, किंवा दिसूनही त्यांनी दाखवलं नाही. त्या म्हणाल्या, “पेटी आणलीच आहे, तर वाजवा. ही दुसरी चाल मी कधी ऐकलेली नाही. दादांनी घरात कधी म्हटली नाही.”

काहीतरी करायला मिळालं म्हणून मी पेटी उघडली. काळी एक धरली आणि परीचं पहिलं पद, कागद बघत बघत, म्हणायला लागले. माझा गळा पेटीवालीचा, म्हणजे सूर दाखवण्यापुरता. पद चढत चढत वरच्या षड्जाशी येतं. तिथं बुवांनी त्या एका स्वराभोवती कंस करून शब्द लिहिला होता, ‘पेटी’. लिहिलं होतं तसं मी गळा थांबवला, तो सूर नुसता पेटीवर घेतला आणि पुढची ओळ पुन्हा गळ्यानं उचलली.

“तो सूर का सोडलात?” उंबऱ्यावरून आप्पांनी मान न वळवता विचारलं.

“सोडला नाही. तसंच लिहिलंय. इथं गळा थांबवायचा, पेटीनं घ्यायचं.”

“टीप पेटीला द्यायची?”

“हो.”

“काहीतरीच. टाळी तिथं पडते. कुठला नट टाळीची जागा पेटीवाल्याला देईल?”

हे मात्र खरं होतं. मी इतकी नाटकं वाजवली, पण टिपेचा सूर आपणहोऊन सोडणारा नट मला भेटलेला नाही. उलट तो पुन्हा पुन्हा लावायला मिळावा म्हणून भांडणारे भेटलेत. मी पुढचं पद काढलं. तिथंही वरच्या षड्जाभोवती कंस, आणि ‘पेटी’. त्याच्या पुढच्यातही. आता आप्पा उठून आले आणि माझ्याशेजारी मांडी घालून बसले. एकेक पान ते बोटानं चाचपत होते. राजाच्या पदांत कंस नव्हता. माळ्याच्या पदांत नव्हता. परीच्या पहिल्या प्रतीत नव्हता. दुसऱ्या प्रतीत एकही पद त्यावाचून नव्हतं.

“बाई,” त्यांनी हळू विचारलं, “काळी एकमध्ये ज्याला वरचा षड्ज लावता येत नाही, असा मोठा नट कुठल्या कंपनीनं घेतला असता?”

“कुठल्याच नाही.”

“मला येत नव्हता.”

आप्पांचं बोट त्या कंसावर होतं.

“त्या दिवशी बुवांनी पट्टी खाली घेतली ना, तेव्हा खालचं सगळं जमलं होतं. आवाज जाड आलेला, पण शाबूत. नेमका वरच्या षड्जाला फुटला. तेवढा एक सूर. बाकीचं हसण्यात बुडालं, पण बुवांनी ऐकलं होतं ते. माझ्याकडं बघत बसले होते, ते...”

त्यांनी कागद पालथा करून मांडीवर ठेवला आणि त्यावर हात ठेवला.

दुसरा नट कधी नव्हताच. बुवा पेटी मिटून त्या मुलाच्या नव्या आवाजात परी कशी बसवायची याचा विचार करत होते, आणि पुढचा आठवडा त्यांनी तेच लिहिण्यात घालवला होता. म्हणजे नाटक बुडालं ते आवाजामुळं नाही, मुलगा पळाल्यामुळं. मी ज्या गोष्टीतून आप्पांना सोडवायला आले होते, तिच्यातच त्यांना पुरतं अडकवलं होतं.

“दादा त्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी स्टेशनवर जायचे,” अंबूताई अचानक म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. “आई विचारायची, कुठं निघालात, तर म्हणायचे, कोल्हापूरकडची गाडी बघून येतो. तुमच्या गावी माणूस पाठवला होता, तर तिथं तुम्ही पोचलाच नव्हता. मला वाटायचं, दादा नवा नट शोधतायत.”

“घरी कुठल्या तोंडानं जाणार होतो?” आप्पा म्हणाले. “जयसिंगपूरला गिरणीत राहिलो होतो. स्टेशनला लागूनच. ती गाडी रोज दिसायची मला. मिरजेला जाते म्हणून मी तिच्याकडं बघत नसे.”

अंबूताईंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. “दादांनी तुम्हाला कधी नाव ठेवलं नाही, आप्पा. आज आठवून बघते, तर एक शब्द आठवत नाही. रोज बोटं मोडली ती मी. मला वाटायचं, राग दादांचा आहे आणि तो मी पुढं चालवतेय.”

आप्पा आता कोसळणार असं मला वाटलं. नाटक त्यांच्यामुळंच बुडालं होतं, यात आता कसलीच शंका राहिली नव्हती. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला होता. इतका सुटला होता की कलावती दारातून पुढं येऊन त्यांच्याजवळ बसली.

“बुवांनी मला काढलं नव्हतं गं,” ते तिला म्हणाले. “मला वाटलं, मी गेलो ते बरं झालं असं वाटलं असंल समद्यास्नी. तसं न्हवतं.”

“मग आता म्हणा की,” ती म्हणाली. “मी तर येकदाबी ऐकलं न्हाई.”

“आता लागतो का षड्ज?” मी भीत भीत विचारलं.

त्यांनी डोळे मिटले आणि लावला. उंच, सरळ, किंचित थरथरणारा, पण कुठं तडा नाही. मी पेटीवर हात ठेवायचंसुद्धा विसरले.

“पंचविशीत लागायला लागला,” ते म्हणाले. “गिरणी चालू असली की लावून बघायचो. कुणाला ऐकू जायचं नाही.”

आज ती सगळी बाडं एका जागी आहेत. वाळवी लागलेली संहिता, आप्पांची नक्कल आणि बुवांच्या दोन्ही प्रती. नाटक छापून झालं, आणि परीच्या नावापुढं सिदराम गुरव हे नाव अंबूताईंनी स्वतः प्रुफं तपासून घातलं. प्रयोग मात्र अजून झालेला नाही. एवढ्या पदांचं नाटक कोण उभं करणार? आप्पा नाहीत, अंबूताईही नाहीत. नव्या मुली येतात, पदं मागतात, त्यांना मी पहिली प्रत देते. दुसरी देत नाही.

कारण दुसरीचा प्रयोग झालाय, असं मी धरून चालते. त्या सोमवारी, गिरणीमागच्या खोलीत, ऐकायला आप्पांची सून आणि बुवांची मुलगी.

“घ्या काळी एक,” आप्पा म्हणाले. पाठ ताठ करून बसले. कागद समोर होता, पण त्यांना तो लागत नव्हता, एकदोनदा ऐकूनच चाल त्यांच्या गळ्यात उतरली होती. पद चढायला लागलं. अंबूताई मांडीवर हलका ताल धरत होत्या, आणि तो बरोबर पडत होता. वरचा षड्ज जवळ आला. तो त्यांना आता येत होता, आत्ताच सगळ्यांना ऐकवला होता. घेऊ दे त्यांना, म्हणून मी भाता हलका केला.

पण आप्पा त्या सुरापाशी येऊन थांबले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि बुवांनी लिहून ठेवलं होतं, तसा तो सूर पेटीसाठी सोडला. मी वाजवला.